पेटीचा दम

आपल्याकडची माणसे खरेदीच्या बाबतीत मोठी चोखंदळ. नारळ घ्यायचा तर तो कानाशी नेऊन हलवायचा, कलिंगडावर टिचकी मारायची, भेंडीचे टोक मोडून पाहायचे, तांदळाचा दाणा दाताखाली धरायचा. साडीचा पोत चिमटीत धरून पाहिल्याशिवाय आणि निदान तीनदा 'आणखी दाखवा' म्हटल्याशिवाय आमच्या घरात साडी आलेली मला आठवत नाही. सोन्याला तर कसोटीच आहे. पण हीच चोखंदळ मंडळी बाजाची पेटी घ्यायला निघाली, की त्यांचे सारे शहाणपण दुकानाच्या पायरीशी चपलांबरोबर राहते. आत शिरताच त्यांची नजर जाते ती पॉलिशावर. मग खुंट्या किती आहेत ते मोजले जाते. नऊ खुंट्यांची पेटी सात खुंट्यांच्या पेटीपेक्षा दोन खुंट्यांनी श्रेष्ठ, असा हिशेब मनातल्या मनात होतो. दुकानातला चुणचुणीत मुलगा एक झकास धून वाजवून दाखवतो, आणि ती धून त्या पेटीतच भरून मिळणार आहे अशा समजुतीने पैसे मोजले जातात.

पेटी घ्यायला जाताना ओळखीचे लोक मला बरोबर नेतात. मी वादक नाही. चार भजने आणि दोन नाट्यपदे यांच्या पलीकडे माझी बोटे कधी गेली नाहीत. पण लहानपणी आम्ही गिरगावातल्या एका चाळीत राहत होतो, आणि तळमजल्यावर पेट्या दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर बसत. सगळी चाळ त्यांना मास्तर म्हणे. शाळा सुटली की मी दप्तर न ठेवताच त्यांच्या खोलीत जाऊन बसे. पितळेची भुकटी, सरस, जुने चामडे आणि विडी यांचा मिळून एक वास त्या खोलीला होता. मास्तर फारसे बोलत नसत; पण एक वाक्य त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. "पेटी बघायला जाताना डोळे घरी ठेवून जावं. डोळ्यांनी पेटी घेतली की कान जन्मभर शिव्या देतात."

त्या वाक्याचा पुरता अर्थ मला कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली. ती हकीकत पुढे येईलच.

तशी पेटी मूळची आपली नव्हे. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं नावाच्या कारागिराने १८४०च्या सुमारास हार्मोनियम या नावाचे वाद्य सिद्ध केले. ते पायाने हवा भरायचे, खुर्चीवर बसून वाजवायचे. साहेबाबरोबर ते आपल्याकडे आले. पण आपण बसणार जमिनीवर, मांडी घालून. तेव्हा १८७५च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पाय काढून टाकले, भाता मागे आणला आणि एका हाताने हवा, दुसऱ्या हाताने सूर अशी सुटसुटीत पेटी केली. पुढे मराठी रंगभूमीने तिला जवळ केले. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवाला निघाला आणि त्याने १९११ साली 'मानापमाना'ला चाली दिल्या, हे तर आपण सारे जाणतोच.

पण परक्या घरून आलेल्या सुनेला ऐकावे लागते तसे पेटीलाही पुष्कळ ऐकावे लागले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले; ते पुन्हा किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. पेटीवरचा मुख्य आरोप असा, की तिचे सूर खिळ्याने ठोकल्यासारखे जागच्या जागी. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे काम तिला जमत नाही. शिवाय सप्तकाचे सारखे बारा भाग केल्यामुळे काही सूर किंचित खोटे पडतात. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग कल्पिले, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा पेटीचा गांधार सुमारे चौदा भागांनी चढा असतो. आरोप खरा आहे. पण पेटी घ्यायला गेलेल्या माणसाने एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे: हा दोष पेटीच्या जातीचा आहे, समोरच्या पेटीचा नव्हे. तो दुकानदारापुढे मांडण्यात अर्थ नाही. आपल्याला शोधायचे आहेत ते या एका पेटीचे गुणदोष.

मास्तर पेटी कशी पाहत? पेटी समोर आली की ते ती वाजवतच नसत. प्रथम ती उचलून तिचे वजन पाहत, मग मागची कडी काढून भात्याला नाक लावत. कुबट वास आला, की ओल बसली आहे असे समजायचे. झुरळाचा किंवा उंदराचा वास आला, तर भात्याच्या घड्या आणि कोपऱ्यांवरचे चामडे बोटाने चाचपून पाहायचे. त्यानंतर सगळ्या खुंट्या आत ढकलून बंद करायच्या आणि भाता हलक्या हाताने चार-सहा वेळा हलवून तसाच दाबून धरायचा. पेटी निरोगी असली तर हात एका जागी अडतो. आतली हवा त्याला 'बस' म्हणते. हाताखाली भाता हळूहळू बसू लागला, तर हवा कुठून तरी पळते आहे. खुंट्या बंद असताना पळणारी हवा म्हणजे दोष भात्यात किंवा लाकडाच्या सांध्यात. मग खुंट्या उघडायच्या, पण पट्टी एकही दाबायची नाही, आणि पुन्हा तेच करायचे. आता हवा पळू लागली तर दोष पट्ट्यांखाली. प्रत्येक पट्टीखाली चामड्याचे अस्तर लावलेली एक लहानशी लाकडी झडप असते. ती भोकावर नीट बसत नाही असे समजावे. कधी कधी तर कोणी काही न दाबताच एखादा सूर बारीक आवाजात रडू लागतो. अशी पेटी शेजारच्या बाळासारखी: इतरांना वाटते, आता गप्प बसेल, आईला ठाऊक असते की नाही बसणार.

मग भाता पुरता भरायचा, एकच पट्टी दाबायची, भात्यावरचा हात काढून घ्यायचा आणि मनात आकडे मोजायचे. एकाच दुकानात, एकाच किमतीच्या दोन पेट्या मी अशा मोजल्या आहेत. एकीचा सूर अकराला विझला, दुसरीचा तेविसापर्यंत टिकला. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. मास्तर याला पेटीचा दम म्हणत. "वाजते ती कुठलीही पेटी," ते म्हणायचे, "दम धरते ती आपली."

यानंतर सुरांची पाळी. पेटीतला सूर म्हणजे पितळेच्या पट्टीवर रिव्हेट मारून बसवलेली पितळेची एक पातळ जीभ. हवा तिच्याजवळून जाऊ लागली की ती थरथरते आणि बोलते. पूर्वी जर्मन आणि पॅरिसच्या सुरांची ख्याती होती, पुढे सौराष्ट्रातल्या पालिताण्याचे सूर घरोघर आले. दुकानदार कोणत्या गावाचे नाव घेतो इकडे मी फारसे लक्ष देत नाही. मी हवा अगदी मंद सोडतो, देवघरातली वात हलेल न हलेल इतकी, आणि खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबत जातो. चांगला सूर हळू हाकेला ओ देतो. वाईट सूर हाक मोठी झाल्यावर दचकून उठतो. खर्जाचे सूर अंगाने जड. त्यांना उठायला वेळ लागतोच, पण किती, ते कानाने ठरवावे. मग हवा वाढवावी. आवाज वाढला पाहिजे, सूर मात्र जागचा हलता कामा नये. शेवटी खर्ज आणि नर या दोन्ही ओळी एकदम उघडून प्रत्येक पट्टी दाबावी. दोघांचे जमत असेल तर एकच भरदार सूर ऐकू येतो. जमत नसेल तर त्यात लाट उठते: वांव, वांव, वांव. जितकी लाट जलद, तितकी दोघांत फारकत.

हल्ली खिशातला मोबाईल सूर मोजून देतो, हे फार चांगले झाले. मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांवर आहे की नाही हे तो क्षणात सांगतो. आपले मूल पुढे इतर वाद्यांबरोबर वाजवणार असेल तर हे जरूर पाहावे. सूर जुळवता येतात, ही गोष्ट खरी. जिभेचे टोक किंचित घासले की सूर चढतो, बुंध्याशी घासले की उतरतो. पण प्रत्येक घासणीबरोबर धातू झिजतो. पुन्हापुन्हा घासलेल्या जुन्या पेटीतल्या जिभा अगदी पातळ होतात आणि एखाद्या दिवशी ऐन आरतीत मोडतात. तेव्हा 'नंतर सूर करून देऊ' या आश्वासनावर पेटी घेऊ नये. खुंट्यांपैकी काही नुसत्या शोभेच्याही असतात. एकेक ओढून आवाजात काय फरक पडतो ते पाहिले की खऱ्याखोट्याची निवड होते. स्केलचेंजर सोयीचा खरा, पण त्याने वजन वाढते आणि बिघडण्याच्या जागाही वाढतात. घरात एकच गाणारे असेल आणि त्याची पट्टी ठरलेली असेल, तर त्या पैशात अधिक चांगले सूर घ्यावेत.

ही सारी परीक्षा मला तोंडपाठ होती. पण ती कशासाठी करायची हे मला वहिनींनी दाखवले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची पत्नी. वय अडुसष्ट. माहेरी त्यांचे गाणे बऱ्यापैकी झाले होते. काळी चारमध्ये त्या मोकळ्या गळ्याने गात. सासरी आल्या तेव्हा दोन खोल्या आणि माणसे आठ. पेटी ठेवायची तर एखाद्या माणसाला बाहेर काढावे लागले असते. त्यामुळे गाणे राहिले ते स्वयंपाकघरातल्या गुणगुणण्यापुरते. दादा जाऊन तीन वर्षे झाली आणि वहिनींच्या डोळ्यांना काचबिंदूने गाठले. एक डोळा गेल्यातच जमा होता. दुसऱ्याची नजर कडेकडेने आत ओढत चालली होती. डॉक्टरांनी सांगितले, गेलेले परत येत नाही. औषधाचे थेंब न चुकता घाला, म्हणजे आहे ते टिकवू.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "भाऊजी, मला एक पेटी बघून द्या."

मी म्हटले, "वहिनी, हल्ली मोबाईलवरसुद्धा पेटी येते. चिरंजीव सांगत होते ना?"

"ती काचेची. तिच्यावर बोट कुठं पडलं ते मला दिसायला हवं. मला हाताला दिसेल अशी पाहिजे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि नीट बघून द्या हं. पुन्हा दुसरी घेणं काही माझ्याच्यानं व्हायचं नाही."

हे शेवटचे वाक्य मला फार जड गेले. लोकांच्या मुलींसाठी पेट्या पाहताना मनात एक पळवाट असते: मूल शिकेल, मोठे होईल, मग चांगली घेईल. इथे तशी पळवाट नव्हती. ही पेटी अंधारात सोबत करणार होती.

दादरच्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने वहिनींना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. एक कोरी करकरीत पेटी गादीवर आली. आरशासारखे पॉलिश, कडेने पितळी पट्टी. दुकानातल्या मुलाने तिच्यावर अशी काही तान घेतली की रस्त्यावरचे दोघे दारात थांबले. मीसुद्धा मान डोलावली. वहिनींनी हात वर केला.

"थांब रे बाळा जरा. मला ती न वाजवता ऐकायचीय."

मुलाला काही कळेना. वहिनी खुर्चीवरून उतरून खाली बसल्या, चाचपडत भात्याची कडी काढली, खुंट्या बंद केल्या आणि भाता दाबून मान खाली घालून ऐकत राहिल्या. हे त्यांना मी शिकवलेले नव्हते. दुकान गप्प झाले. त्या शांततेत मलाही ऐकू आले: बारीक, अखंड 'स्स्स'. त्या झळझळीत पेटीतून हवा पळत होती.

"ही सारखी उसासे टाकते," वहिनी म्हणाल्या. "दुसरी बघू या."

आणखी दोन पेट्या झाल्या. चौथी दुकानदाराने फळीखालून काढली. कोणी जुनी विकायला ठेवली होती. पॉलिश उडालेले, एका कोपऱ्याला टवका, पट्ट्यांच्या कडा वापराने गोलसर झालेल्या. वहिनींनी भाता दाबला आणि पुष्कळ वेळ हात तसाच ठेवला. हात जागचा हलला नाही. मग त्यांनी मधला षड्ज धरला, भात्यावरून हात काढला आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागल्या. मीही मोजत होतो. वीस झाले, एकवीस झाले. सूर हळूहळू बारीक होत गेला आणि कुठेही न तुटता विरला.

नंतरचा अर्धा तास त्या दोघींचा होता. वहिनींची बोटे काळ्या पट्ट्यांवरून फिरत होती: दोन, तीन, दोन, तीन. काळ्या पट्ट्यांच्या या जोड्यांवरूनच न दिसणाऱ्या माणसाला आपली जागा कळते. वरच्या सप्तकातला कोमल निषाद मागे पडतो आहे हे त्यांनी सांगितले. दुकानातल्या कारागिराने झाकण उघडून तो सूर काढला. त्याच्या जिभेखाली कसल्याशा किड्याचा पंख अडकला होता. फुंकर घालताच निषाद स्वच्छ बोलू लागला. मग मी माझ्या यादीप्रमाणे पट्ट्या तपासल्या. मधल्या सप्तकातली पांढरी चार दाबली की टक् असा लाकडी आवाज येत होता. खालची लोकरी पट्टी झिजली असावी. मी कारागिराला म्हटले, "एवढं करून टाका."

वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला. "ते राहू द्या, भाऊजी."

"अहो, दोष आहे तो. पाच मिनिटांचं काम."

"असू दे दोष. आता माझा आवाज खाली आलाय. पांढरी चारच माझी पट्टी. अंधारात बोट पडलं आणि टक् झालं की मला कळेल, मी घरी आले."

यावर मी काय बोलणार? नव्या पेटीच्या निम्म्या किमतीत ती जुनी पेटी घरी आली. पांढरी चार आजही टक् करते. वहिनींचा उरलेला डोळा थेंबांवर टिकून आहे, पण रात्री त्यांना काही दिसत नाही. त्यांचा रियाज असतो तो रात्रीच, सगळी निजानीज झाल्यावर, एकच ओळ उघडून. भिंतीपलीकडच्या शेजारीणबाई परवा मला म्हणाल्या की, त्या सुरावर त्यांच्या नातवाला झोप लागते.

तेव्हापासून माझ्या यादीच्या आधी मी एक प्रश्न विचारू लागलो आहे: पेटी कोणासाठी? पाच-सहा वर्षांच्या मुलीसाठी असेल तर पट्ट्या हलक्या हव्यात आणि भाता तिच्या हाताला झेपणारा हवा. भजनी मंडळासाठी असेल तर आवाज टाळांच्या वर निघायला हवा. नुसते गळ्याला सूर देण्यासाठी असेल तर एकाच ओळीचे सूर गोड असले की पुरे. दोष कोणता आणि खूण कोणती, हे वाजवणाऱ्यावर ठरते. फक्त एका बाबतीत सूट नाही, आणि ती म्हणजे दम. हवा न धरणारी पेटी कोणाच्याच कामाची नाही. उत्तम सुरांनाही ती धाप लावते.

कोणाला या दिवाळीत पेटी घ्यायची असेल, तर त्याने सकाळी दुकान उघडताच जावे. रस्त्याचा गलबला त्या वेळी कमी असतो. दुकानातल्या मुलाला प्रेमाने सांगावे, की बाबा, तू आधी वाजवू नकोस. जमल्यास पावसाळ्यात जावे. त्या दिवसांत लाकूड फुगते आणि अडकणाऱ्या पट्ट्या आपणहून आपले खोटेपण सांगतात. आणि पेटी घरी आली की तिच्यावर भरतकामाचा रुमाल टाकून तिचे देव्हाऱ्यासारखे कोडकौतुक करू नये. बंद पेटीत ओल शिरते, चामडे कडक होते, पितळेवर कळा चढते. रोज पाच मिनिटे का होईना, तिच्यातून हवा खेळली पाहिजे. मास्तरांच्या खोलीत दुरुस्तीला येणाऱ्या दहा पेट्यांपैकी सात फार वाजवल्यामुळे बिघडलेल्या नसत; त्या कोणी वाजवल्याच नव्हत्या म्हणून बिघडलेल्या असत. मास्तर त्या उघडून आतली धूळ झटकीत आणि कोणाला उद्देशून न कळे, पण पुटपुटत, "अरे, रोज एक सा तरी लावायचा होतात."